संशयवाद आणि उपजत विश्वास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संशयवादी माणूस सगळंच नाकारतो का?

नाही. नाकारणं हासुद्धा एक दावाच असतो, आणि त्यालाही आधार द्यावा लागतो. 'बाहेरचं जग नाही' असं संशयवादी म्हणत नाही. 'जग आहे हे मला ठाऊक आहे, असं तुम्ही कशाच्या जोरावर म्हणता?' एवढंच तो विचारतो. ग्रीक परंपरेत या विचाराचं मूळ पिऱ्होपर्यंत (इ.स.पू. सुमारे 360 ते 270) नेलं जातं. तिचं सर्वांत तपशीलवार लेखन मात्र बऱ्याच नंतरच्या सेक्स्टस एम्पिरिकस या वैद्याचं आहे. त्याने शोध घेणाऱ्यांचे तीन गट पाडले: सत्य सापडलं म्हणणारे, ते सापडणंच शक्य नाही म्हणणारे आणि अजून शोधणारे. संशयवादी तिसऱ्या गटातला. त्याला बहुतेक वेळा दुसऱ्या गटात बसवलं जातं, आणि बरेचसे गैरसमज तिथूनच सुरू होतात.

रोजची शंका आणि तत्त्वज्ञानातली शंका यांत फरक काय?

न्यायदर्शनातलं, म्हणजे तर्क आणि ज्ञानाची साधनं तपासणाऱ्या भारतीय परंपरेतलं, जुनं उदाहरण घ्या. संधिप्रकाशात दूरवर काहीतरी उभं दिसतं. तो खुंट आहे की माणूस? ही शंका का आली ते सांगता येतं. उंची दोघांनाही असते, आणि वेगळेपणाच्या खुणा, म्हणजे हातपाय किंवा झाडाची ढोली, दिसत नाहीत पण आठवतात. ती कशाने फिटेल तेही सांगता येतं. दहा पावलं पुढे जा, हात हलला की निकाल लागला.

तत्त्वज्ञानातल्या शंकेला असं पुढे टाकायचं पाऊलच नसतं. 'हे सगळं स्वप्न तर नसेल?' या शंकेत जवळ जाऊन पाहणंही स्वप्नातलंच ठरू शकतं. म्हणून कुठलीही शंका हाती आली की आधी विचारा: काय दिसलं तर ही फिटेल? उत्तर देता आलं तर शंका रोजच्या जातीची आहे, तपासायला लागा. कितीही विचार करून उत्तर निघत नसेल, तर शंका एखाद्या वस्तूबद्दल नसून पाहणं, आठवणं, अनुमान करणं या साधनांबद्दलच आहे. या दोन शंकांची सरमिसळ झाली की वाद तासन् तास चालतो आणि कुठेच पोचत नाही.

ही शंका स्वतः करून पाहायची असेल तर कशी करावी?

कागद घ्या आणि लहानसं, ज्याबद्दल तुमची पक्की खात्री आहे असं एक वाक्य लिहा. 'देव आहे का', 'मी कोण' असल्या विषयांपासून सुरुवात करू नका. तिथे आधीच मतभेद असल्याने शंकेचा खरा जोर कळत नाही. 'समुद्रसपाटीच्या दाबाला पाणी 100 अंश सेल्सियसला उकळतं' हे वाक्य चांगलं आहे. त्याखाली 'कशावरून?' लिहा, उत्तर लिहा, त्या उत्तराखाली पुन्हा 'कशावरून?'.

कशावरून? पुस्तकात वाचलं. पुस्तक बरोबर आहे हे कशावरून? अनेकांनी मोजून पाहिलंय. त्यांचं मोजमाप बरोबर कशावरून? तापमापी नीट होती. ती नीट होती कशावरून? इथे थोडं थांबा. जुन्या तापमापीवर 100ची खूणच मुळी उकळत्या पाण्यात धरून केली जायची! म्हणजे फिरून पहिल्या पायरीवर आलो. शास्त्रज्ञांनी यातून बाहेर पडण्यासाठी निरनिराळ्या पद्धतींच्या तापमापी एकमेकींशी ताडून पाहिल्या, आणि ते काम फार मोलाचं होतं. पण ताडून पाहताना डोळ्यांवर, आकडे टिपणाऱ्या स्मरणशक्तीवर आणि 'काल वागलं तसं पाणी आजही वागेल' या गृहीतावर भरवसा ठेवावाच लागला. त्या भरवशाच्या खाली पुन्हा लिहा: कशावरून?

पाच-सात पायऱ्यांत तीनपैकी एक गोष्ट होते. एक तर कारणांची रांग संपतच नाही. आपल्याकडे हिला अनवस्था म्हणतात. नाही तर फिरून त्याच जागी येता. हा चक्रक दोष. नाही तर 'हे असंच आहे, पुढे विचारू नका' म्हणून कुठेतरी अडून बसता. ही कोंडी ग्रीक संशयवादी अग्रिप्पाच्या नावाने ओळखली जाते. त्याने एकूण पाच युक्त्या सांगितल्या होत्या. उरलेल्या दोन म्हणजे लोकांमधले मतभेद आणि पाहणाऱ्यागणिक बदलणारं दिसणं.

करताना दोन चुका हमखास होतात. पहिली, आधार विचारला असताना उगम सांगणं. 'लहानपणी शिकवलं म्हणून' हे विश्वास कसा आला ते सांगतं, तो बरोबर का ते सांगत नाही. दुसरी चूक, 'हे तर उघडच आहे' असं लिहून कागद बाजूला ठेवणं. तसं लिहायला हरकत नाही, फक्त त्या ओळीखाली रेघ मारा. ती ओळ म्हणजे तुमच्या ज्ञानाचा तळ आहे आणि या लेखातले पुढचे बहुतेक प्रश्न त्या ओळीबद्दलच आहेत.

देकार्तने ही शंका कायमची मिटवली ना?

1641 मध्ये या फ्रेंच तत्त्वज्ञाने प्रयत्न जोरदार केला. इंद्रियं फसवतात, जागेपण आणि स्वप्न यांत पक्की खूण सापडत नाही, आणि एखादी दुष्ट शक्ती गणितातही मला चकवत असेल, अशा तीन पायऱ्यांनी त्याने सगळं खरवडून काढलं. उरलं ते एवढंच: शंका घेणारा मी तरी आहे. इथवर बहुतेक जण त्याच्याबरोबर येतात. अडचण परतीच्या वाटेवर आहे. स्पष्टपणे उमगलेलं खरं असतं याची हमी देव देतो, आणि देव आहे हे मात्र स्पष्टपणे उमगलेल्या विधानांतूनच सिद्ध होतं. हे वर्तुळ त्याच्या हयातीतच आर्नो या विचारवंताने दाखवून दिलं होतं. त्यामुळे 'मी आहे' हाती राहिलं, पण तिथून जगापर्यंतचा पूल काही उभा राहिला नाही.

सूर्य उद्या उगवेल यावर शंका घेणं हा शब्दच्छल नाही का?

तसं वाटतं खरं, पण स्कॉटिश तत्त्वज्ञ ह्यूमचा युक्तिवाद (1739) एकेक पायरी घेऊन पाहा. आजवर पाहिलेल्यावरून न पाहिलेल्याबद्दल बोलणं याला विगामी अनुमान म्हणतात. या अनुमानाला 'निसर्ग पुढेही असाच वागेल' हे गृहीतक लागतं. ते शुद्ध तर्काने सिद्ध होत नाही, कारण निसर्ग उद्या बदलला अशी कल्पना करण्यात काही विसंगती नाही. मग अनुभवाने सिद्ध करावं? 'आजवर निसर्ग तसाच वागला, म्हणून पुढेही वागेल' असं म्हणावं, तर हेही विगामी अनुमानच. जे सिद्ध करायचं तेच वापरलं.

'निदान शक्यता तरी जास्त आहे ना?' हा पुढचा प्रश्न ठरलेला. पण आजवरच्या नोंदींवरून उद्याची शक्यता काढताना उद्याचा दिवस या नोंदींच्याच जातीचा असेल, हे धरलेलंच असतं. हा युक्तिवाद समजायला सोपा आहे, आणि तो खोडायचे प्रयत्न अजून चालू आहेत.

मग आपण विश्वास ठेवतो तरी का?

आमच्या मते साऱ्या विषयाचं मर्म इथे आहे. ह्यूमचं उत्तर असं की आपण तर्काने विश्वास ठेवतच नाही. श्वास घेणं जसं आपल्या इच्छेवर सोडलेलं नाही, तसंच दोन गोष्टी पुन्हा पुन्हा एकत्र दिसल्यावर एकीवरून दुसरीची अपेक्षा करणंही सोडलेलं नाही. एकदा चटका बसलेलं मूल ज्योतीपासून हात मागे घेतं. त्याने कुठलाही युक्तिवाद केलेला नसतो, आणि प्राणीही हेच करतात. म्हणून ह्यूमने प्राण्यांच्या बुद्धीवर वेगळं प्रकरण लिहिलं आणि माणसाची बुद्धीही मुळात एक सहजप्रवृत्तीच आहे असं म्हटलं.

त्याचाच देशबांधव थॉमस रीड (1764) याने हाच धागा उलट्या बाजूने ओढला. संशयवादी इंद्रियांवर शंका घेतो, पण ती घेताना तर्कावर भरवसा ठेवतो. का? दोन्ही एकाच कारागिराच्या हातची. एक खोटं निघेल असं वाटत असेल, तर दुसरं खरं कसं मानायचं? बुद्धीला न्यायाधीशाच्या आसनावर बसवून डोळ्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करण्याचा अधिकार कुणी दिला, हा रीडचा प्रश्न आम्हाला आजही बिनतोड वाटतो. लक्षात घ्या, याने डोळे निर्दोष ठरत नाहीत. फक्त बुद्धीचा वेगळा मान जातो.

'उपजत' म्हणजे नेमकं काय काय?

तत्त्वज्ञांच्या याद्या वेगवेगळ्या आहेत, पण काही गोष्टी जवळपास सगळीकडे येतात: समोर दिसतं ते आहे, स्पष्ट आठवतं ते घडलं होतं, निसर्गाची रीत टिकून राहते, समोरच्या माणसाला मन आहे. रीडने यात एका गोष्टीची मोलाची भर घातली: दुसऱ्याने सांगितलेलं खरं मानण्याची ओढ. ती लहानपणी सर्वांत जास्त असते आणि फसवणुकीचे अनुभव येतात तशी आवरली जाते. ती नसती तर मूल भाषाच शिकलं नसतं, कारण 'याला चेंडू म्हणतात' हे पुराव्याशिवायच स्वीकारावं लागतं.

याला प्रयोगांचा आधार आहे का?

आहे, पण तो जपून वापरावा. 1960 मध्ये गिब्सन आणि वॉक यांनी 'दृश्य कडा' हा प्रयोग मांडला. जाड काचेखाली एका बाजूला लगेच आणि दुसऱ्या बाजूला खूप खाली नक्षीचा पृष्ठभाग. 6 ते 14 महिन्यांची 36 बाळं होती. मधल्या फळीवरून हलली ती 27, आणि त्यांपैकी फक्त 3 खोल बाजूच्या काचेवर गेली. हे उदाहरण उपजत ज्ञानाचा पुरावा म्हणून सर्रास दिलं जातं, पण रांगणाऱ्या बाळाला पडण्याधडपडण्याचा अनुभव आधीच असतो. अधिक जोरकस निरीक्षण त्याच अभ्यासातल्या कोंबडीच्या पिलांचं आहे. जन्मून 24 तासही न झालेली पिलं खोल बाजू टाळत होती.

1966 मधला गार्सिया आणि कोलिंग यांचा उंदरांवरचा प्रयोग आणखी काही सांगतो. उंदीर पाणी पीत असताना चव, प्रकाश आणि आवाज एकदमच दिले. नंतर ज्यांना आजारी पाडलं त्यांनी ती चव टाळली. ज्यांना विजेचा झटका दिला त्यांनी प्रकाश आणि आवाज टाळले. म्हणजे कशाचा संबंध कशाशी जोडायचा, याचा कल आधीच ठरलेला होता. अनुभव कोऱ्या पाटीवर लिहिला जात नाही.

पाच महिन्यांच्या बाळांना पडद्याआड गेलेली वस्तू तिथेच असल्याची अपेक्षा असते, असं बायर्जॉन, स्पेल्की आणि वॉसरमन यांनी 1985 मध्ये दाखवलं. पडदा त्या वस्तूतून आरपार गेल्यासारखा पूर्ण 180 अंश फिरला की बाळं जास्त वेळ पाहत राहिली. मात्र जास्त वेळ पाहणं म्हणजे अपेक्षाभंगच का, यावर संशोधकांत वाद आहे.

उपजत आहे म्हणजे खरं आहे, असं म्हणायचं का?

अजिबात नाही. याच वळणावर सर्वांत जास्त लोक घसरतात.

टोकांना बाण असलेल्या दोन समान रेघांचा म्युलर-लायर भ्रम (1889) घ्या. पट्टी लावून लांबी सारखी असल्याचं स्वतः मोजलं, तरी एक रेघ मोठीच दिसत राहते. डोळ्यांचा कल खोटा ठरला आणि तरीही हटला नाही. म्हणजे विश्वास सुटत नाही एवढ्यावरून तो खरा ठरत नाही.

'उत्क्रांतीने दिलेली साधनं चुकीची असती तर आपण तगलो नसतो' असंही म्हटलं जातं. त्यात दोन अडचणी आहेत. उत्क्रांतीत निवड उपयोगी वागण्याची होते, सत्याची नव्हे. प्रत्येक सळसळ वाघाचीच समजणारा प्राणी बहुतेक वेळा चुकतो आणि तरी जगतो. दुसरी अडचण जास्त खोल आहे: उत्क्रांतीचं ज्ञान आपल्याला याच डोळ्यांनी आणि याच अनुमानाने मिळालं. त्यांचा बचाव त्यांनीच दिलेल्या साक्षीवर होतो.

मग उपजत विश्वासांचं करायचं काय? ब्रिटिश तत्त्वज्ञ रसेलने 1912 मध्ये एक व्यवहार्य रीत सांगितली. उपजत विश्वास नाकारायला कारण लागतं, आणि ते कारण दुसऱ्या उपजत विश्वासाशी न जुळणं हेच असू शकतं. म्हणून ते एकमेकांशेजारी ठेवा, कोणता किती घट्ट आहे ते पाहा, टक्कर झाली की सैल असलेला सोडा. रेघांच्या बाबतीत आपण हेच केलं. पट्टी वाचणारेही डोळेच, पण ते मोजमाप पुन्हा पुन्हा आणि सगळ्यांकडून तेच येतं, म्हणून नुसत्या नजरेला माघार घ्यावी लागली. उपजत विश्वास ही सुरुवातीची भूमी आहे. तिच्यावर उभं राहून तिचाच एखादा भाग खणता येतो, सगळी एकदम खणता येत नाही.

भारतीय दर्शनांत हा वाद झाला आहे का?

झाला आहे, आणि फार बारकाईने. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाने प्रमाणं, म्हणजे प्रत्यक्ष, अनुमान अशी ज्ञानाची साधनं, मानणाऱ्यांना विचारलं: प्रमेय, म्हणजे जाणायची वस्तू, प्रमाणाने सिद्ध होतं, मग प्रमाण कशाने? दुसऱ्या प्रमाणाने म्हणाल तर अनवस्था. प्रमाण दिव्यासारखं स्वतःलाही उजळतं म्हणाल, तर दिव्यापाशी अंधार असतोच कुठे की दिव्याने तो घालवावा? पुढे जयराशी भट्टाने प्रत्यक्षासकट एकेक प्रमाण मोडीत काढलं. त्याच्या ग्रंथाचं हस्तलिखित पाटणला सापडलं आणि तो 1940 मध्ये छापला गेला.

उत्तरांपैकी दोन आजही कामाची आहेत. वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा परंपरेतला कुमारिल (7वं शतक) म्हणतो की ज्ञान जन्मतःच भरवशाचं असतं. अप्रामाण्य, म्हणजे ते चुकीचं असणं, मात्र बाहेरून कळतं, ते विरोधी ज्ञान आल्याने किंवा डोळ्याच्या विकारासारखा कारणातला दोष सापडल्याने. म्हणजे सिद्ध करण्याचा भार शंका घेणाऱ्यावर. नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांना, हे पटत नाही. प्रामाण्यही बाहेरूनच ठरतं, पाणी दिसलं तिथे जाऊन तहान भागली की ठरतं, असं ते म्हणतात.

दुसरं उत्तर नैयायिक उदयनाचं: 'व्याघातावधिराशङ्का', शंकेची हद्द व्याघातापर्यंत, म्हणजे स्वतःशीच टक्कर होईपर्यंत. धूर आगीशिवायही होत असेल, असं तोंडाने म्हणणारा धूर हवा असला की आगच पेटवतो. भूक लागली की अन्नाकडेच वळतो. जी शंका स्वतःच्या कृतीशी टक्कर घेते तिथे तिची हद्द संपली. 12व्या शतकात अद्वैत वेदान्ती श्रीहर्षाने त्याच श्लोकातले मोजके शब्द बदलून तो उदयनावरच उलटवला: टक्कर व्हायला दोन बाजू लागतात, त्यांतली एक शंका आहे, मग शंका संपली कशी? दोघांचंही म्हणणं टिकतं असं आम्हाला वाटतं. कृती शंकेला हरवत नाही, पण माणसाने प्रत्यक्षात काय धरून ठेवलंय ते कृतीतून उघड होतं.

मूरने हात वर करून जग सिद्ध केलं, ते खरंच पुरेसं आहे?

1939 मध्ये इंग्रज तत्त्वज्ञ जी. ई. मूरने दोन्ही हात दाखवले: हा एक हात, हा दुसरा, म्हणजे बाह्य वस्तू आहेत. सिद्धता म्हणून ती संशयवाद्याला हलवत नाही, कारण त्याची शंका हातांवरही आहेच. तिचं बळ तुलनेत आहे. 'हा हात आहे' याची खात्री जास्त, की हात असण्यावर शंका आणणाऱ्या युक्तिवादातल्या प्रत्येक पायरीची? प्रामाणिकपणे उत्तर द्या.

तत्त्वज्ञ विट्गेन्स्टाइनने आयुष्याच्या शेवटच्या दीड-दोन वर्षांत (1949 ते 1951) यावर टिपणं केली. त्याच्या मते मूरची चूक 'मला ठाऊक आहे' या शब्दांत होती. ठाऊक असणं म्हणजे तपासता येणं. 'मला हात आहेत' हे तपासाचं फलित नसून तपासाची बिजागरी आहे. दार फिरायचं तर बिजागरी जागची हलता कामा नये. ही खात्री त्याला प्राण्यासारखी, समर्थनाच्या अलीकडची वाटत होती. आमची एक हरकत अशी की बिजागरी कोणती हे काळागणिक बदलतं. 'चंद्रावर कुणीही गेलेलं नाही' हे त्याच्या काळी निःशंक धरता येत होतं.

संशयवाद स्वतःलाच खोडतो ना? 'काहीच ठाऊक नाही' हे तरी कसं ठाऊक?

तसा दावा केला तर खोडतो. सेक्स्टस म्हणतो की हे युक्तिवाद रेचकासारखे आहेत, पोटातल्या मळाबरोबर स्वतःही बाहेर पडतात. नागार्जुनाचं उत्तर याहून थेट आहे: माझी प्रतिज्ञाच, म्हणजे सिद्ध करायचा दावाच, नाही.

आपण बरणीतला मेंदू किंवा संगणकातलं आभासी जग असलो तर?

शरीराबाहेर बरणीत जिवंत ठेवलेल्या मेंदूला खोटे अनुभव पुरवले जात असतील तर? जुन्या स्वप्नाच्या शंकेचंच हे नवं रूप. 1981 मध्ये तत्त्वज्ञ पटनमने युक्तिवाद केला की जन्मभर बरणीत असलेल्या मेंदूचा 'बरणी' हा शब्द खऱ्या बरणीला लागूच पडणार नाही, त्यामुळे 'मी बरणीत आहे' हे त्याला खरेपणाने म्हणता येणार नाही. युक्तिवाद चतुर आहे, पण कालच बरणीत ठेवलेल्या मेंदूला तो लागू होत नाही.

सगळंच अनिश्चित, मग कुणाचंही मत सारखंच?

हा निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्याने खरं नुकसान होतं. तात्त्विक शंका सगळ्या विधानांवर सारखीच पडते, म्हणून दोन मतांतलं अंतर तिच्याने बदलत नाही. लस उपयोगी आहे आणि लस घातक आहे, या दोन्ही दाव्यांना इंद्रियं, स्मृती आणि विगामी अनुमान सारखीच लागतात. त्या पातळीवर दोघांची वजाबाकी शून्य. उरतो तो पुरावा, आणि तिथे फरक प्रचंड असतो. जो माणूस नावडत्या निष्कर्षापुरतीच 'पूर्ण खात्री कुठे आहे?' ही पट्टी काढतो आणि आवडत्या निष्कर्षाला ती लावत नाही, त्याला संशयवादी म्हणू नये. दोन्हींना एकच पट्टी लावायला सांगा.

या विचारांनी जग खोटं वाटू लागलं तर?

ह्यूमलाही या विचारांनी घेरलं होतं. जेवण, मित्र आणि तीन-चार तासांचा खेळ यांनी ते आपोआप विरले, असं त्याने लिहून ठेवलंय. बहुतेकांचं तसंच होतं. पण सभोवताल धुक्याआडचा, परका वाटणं अनेक दिवस टिकलं किंवा वरचेवर येऊ लागलं, तर तो तत्त्वज्ञानाचा प्रश्न राहत नाही. ताण, अपुरी झोप, चिंताविकार यांतही असं होतं. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा आणि वाचन तोवर बाजूला ठेवा.

मूल पुन्हा पुन्हा 'कशावरून?' विचारतं. किती पायऱ्या उत्तर द्यावं?

खरं कारण हाताशी आहे तोवर देत राहा. तीन-चार पायऱ्यांत तळ लागतो. कुमारिलनेही ज्ञान तपासताना तीन-चार ज्ञानांच्या पुढे जायची गरज नाही असंच म्हटलंय. तळ लागला की 'कारण मी सांगते म्हणून' असं म्हणू नका, कारण ते कारण नाही. 'इथून पुढे मलाही कारण देता येत नाही, पण मी हे धरून चालते' असं सांगा. त्यावर मूल विचारेल, 'का धरून चालतेस?' तेव्हा दोघींनी मिळून एक खेळ करा: दिवसभर ती गोष्ट न धरता वागून पाहायचं. जमिनीवर भरवसा न ठेवता जिना उतरायला गेलं की पहिल्याच पायरीवर पाय अडतो.